मोठ्याने बोललेला आकडा

कुंभकोणम्‌ला निघाले तेव्हा माझ्यापुढे दोन कामं होती. पितळी दिवे चांगल्या भावात आणायचे आणि मुलीला घरी आणायचं. दिवे आले.

गडहिंग्लजला माझं भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात आठवडी बाजारात पोत्यावर स्टीलच्या वाट्या मांडून केली, आज तीन शटर आहेत. कुणी दिलेलं नाही, मी ओढून आणलंय, आणि हे मी येईल त्याला ऐकवते. मुक्ता माझी एकुलती एक मुलगी. तिला समाजकार्याचं शिक्षण दिलं. म्हटलं, माणसांत वावरायला शिकेल, उद्या गिऱ्हाईक सांभाळेल. ती गेली तमिळनाडूत. दोन वर्षं एका लहानशा संस्थेत नरिकुरवर जमातीच्या तरुण मुलामुलींबरोबर काम करते आहे. काय काम, असं विचारलं तर म्हणाली, "त्यांची भाषा, गाणी, मण्यांचं काम त्यांच्याकडे राहावं म्हणून वर्ग चालवतो." म्हणजे लोकांच्या पोरांना त्यांचीच गाणी शिकवायला माझी मुलगी, आणि माझ्या गल्ल्यावर बसायला कुणी नाही. फोनवर दर वेळी मी हा विषय काढत असे आणि दर वेळी फोन लवकर संपत असे.

तिथल्या एका मुलीचं माझ्यामुळे जे झालं ते लिहू का, असं मी मुक्ताला विचारलं. म्हणाली, "तुझ्याबद्दल लिही. तिच्याबद्दल, जेवढं तुझ्यामुळे झालं तेवढंच." म्हणून त्या मुलीचं नाव मी बदललं आहे आणि ती नोकरी करायची ते दुकान कुठल्या रस्त्यावर तेही लिहीत नाही.

सरस्वतीअक्कांचं घर

पोंगल होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मुक्ता स्टेशनवर आली होती. उन्हाने रापलेली, केसांत गजरा, आणि तोंडात फाडफाड तमिळ. रिक्षावाल्याने सांगितलेलं भाडं तिने तसंच दिलं.

"अगं, निम्म्यावर आला असता," मी म्हटलं.

"आला असता," ती म्हणाली आणि माझी पिशवी उचलून चालू लागली.

ती ज्या घराच्या माडीवर राहते त्या घराच्या मालकीण म्हणजे सरस्वतीअक्का. वय पंचाहत्तरच्या पुढे. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात ज्यांचे पूर्वज इकडे आले, त्यांतलं हे घर. यजमान पोस्टात होते, आता नाहीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ.

"बाई, कोठून येणें जालें? गडहिंग्लजाहून? दूर गांव तें. पाय धुवा, कापी घ्या."

मला वाटलं कुणी बखर वाचून दाखवतंय. मी हसले. "अक्का, तुमचं मराठी फार जुनं झालं हो."

"आमचें जुनें नोहे, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच मागें वळून बघितलें नाही."

मुक्ता खुदकन हसली. मी कापीत तोंड घातलं. पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून ती फेसाळतात आणि इतकी कढत देतात की माझी जीभ पोळली ती दोन दिवस. पण तशी कॉफी मी पूर्वी प्यायले नव्हते. जेवायला डांगराची पचडी होती. उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आपल्याकडे डांगर ताकात करतात, ते पातळसर. इथे ते घट्ट, कढीपत्त्याचं आणि हिंगाचं. नाव तेच. अक्का म्हणाल्या, त्यांच्या सासूच्या सासूपासून हेच नाव आहे. त्यांच्या सुना चेन्नईत असतात, त्यांना मराठी समजतं पण बोलता येत नाही. "माझ्यामागें ह्या घरात डांगर म्हणणारें कोणी नाही," हे त्यांनी मीठ वाढता वाढता सांगितलं, जसं आपण गॅस संपत आलाय म्हणून सांगतो.

गाव हिंडले. एका देवळाचं गोपुर नजरेआड होतं न होतं तोच दुसऱ्याचं दिसतं. मला मात्र भांड्यांची दुकानं दिसत होती. ओळीने. दारातच माणसाएवढ्या समया, वर हंस बसवलेला. पितळ इथे किलोवर विकतात. घडणावळ त्यातच धरतात. कुठल्या दुकानात पितळ जाड, कुठे पोकळ, हे मी रस्त्यावरूनच जोखत होते. रात्री मुक्ताला म्हटलं, "तू माझ्याबरोबर असतीस तर आपण वर्षाला दोन खेपा केल्या असत्या."

"उद्या पट्टीश्वरम्‌च्या देवळाला जाऊन ये," ती म्हणाली. "अक्का नेतील."

पट्टीश्वरम्

बसच्या दोन्ही बाजूंना भात कापलेली शेतं. रस्त्यावरच पेंढा पसरलेला, त्यावरून बस जाते आणि बसनेच मळणी होते. आपल्याकडे कुणी असं केलं तर ड्रायव्हर उतरून शिव्या देईल. इथे ड्रायव्हरने वेग कमी केला आणि शेतकऱ्याशी चार शब्द बोलून घेतले.

देवळाबाहेर एक बाई चटईवर मण्यांच्या माळा मांडून बसली होती. रंगीत घागरा, गळ्यात सात-आठ सर. अक्का पदर सावरून पुढे गेल्या. मी बसले. माल हातात घेतला की मला कळतं. प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ होती, दोरा तुटला तरी दुसरा मणी हलणार नाही अशी. मी तीन माळा उचलल्या आणि एकीची किंमत सांगितली. ती नाही म्हणाली. मी माळा खाली ठेवल्या, दहा पावलं चालले, थांबून चपलेचा अंगठा नीट केला. तिने हाक मारली नाही. पुन्हा गेले, पुन्हा आले. देऊळ बंद व्हायची वेळ, गर्दी पांगत होती. तिसऱ्यांदा तिने माळा कागदात गुंडाळल्या आणि माझ्याकडे न बघता दिल्या.

घरी आल्यावर मुक्ताला दाखवल्या. "बघ. तीन माळा, एकीच्या भावात."

तिने एक माळ बोटांवरून फिरवली. "ही करायला दीड दिवस लागतो, आई."

"मग तिने दिली कशाला?"

"दुपारी देऊळ बंद होतं. तू तेव्हाच ताणलंस म्हणून."

मला राग आला. धंदा म्हणजे काय, हे मला ही शिकवणार! मी म्हटलं, "तुझ्या फीचे पैसे असेच उभे राहिले." तिने माळा पुन्हा कागदात गुंडाळल्या. खरं तर त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी ते इथे लिहून ठेवते.

गिरणीमागची खोली

त्याच संध्याकाळी तिने मला वर्ग दाखवायला नेलं. साक्कोट्टैच्या रस्त्याला, जुन्या भातगिरणीच्या मागे भाड्याची एक खोली. दाराशी मुलांच्या चपलांचे बारा जोड. आत पंधरा ते वीस वयाची मुलंमुली, मध्ये एक म्हातारी. तिला सगळे पाट्टी म्हणत होते, म्हणजे आजी. ती मणी ओवत होती आणि मधूनमधून एखादा शब्द सांगत होती. मुलं तो तमिळ अक्षरांत एका जाड वहीत लिहीत होती. त्यांच्या भाषेला लिपी नाही. तमिळ लोक त्यांना नरिकुरवर म्हणतात. नरि म्हणजे कोल्हा. ते स्वतःला वागरी म्हणवतात. पूर्वी शिकार करत, आता मणी विकतात, आणि कधीकाळी उत्तरेकडून आले म्हणून बोली आपल्या बाजूची.

वाटेत मुक्ताने मला बजावून ठेवलं होतं. "शाळेत यांना कुरुवीक्कारा म्हणून चिडवतात. चिमण्या मारणारे. शेजारी बसत नाहीत. बरीच मुलं शाळा सोडतात. जी टिकतात ती भाषा गिळून टाकतात, घरी आजीशीसुद्धा तमिळच. पहिले सहा महिने माझ्या वर्गाला कुणी आलं नाही. मग आले ते एका अटीवर. इथे येणाऱ्याचं नाव बाहेर घ्यायचं नाही. बाहेर दिसले तर ओळख दाखवायची नाही. आई, हे तुलाही लागू आहे."

"मला काय वेड लागलंय?" मी म्हटलं.

त्या बारांत चित्रा होती. एकोणीस वर्षांची. दिवसा दिव्यांच्या एका दुकानात नोकरी, बाहेरून बी.कॉम., गावात आणखी तिघींबरोबर भाड्याची खोली. दुकानात आणि खोलीत तिने आपलं घर आंध्राकडचं म्हणून सांगितलं होतं. महिन्याभराने ती वही पहिल्यांदा बाहेरच्या माणसांपुढे मोठ्याने वाचायची होती. शाळेतले शिक्षक येणार होते. वाचायला उभी राहीन असं एकट्या चित्राने कबूल केलं होतं. "कुठून सांगायचं, कधी सांगायचं, ते तिने ठरवलंय," मुक्ता म्हणाली. "आधी तिथे वाचणार, मग स्वतःच दुकानात सांगणार. ती उभी राहिली तर आणखी पाच-सहा जण उभे राहतील."

पाट्टी मणी मोजत होती. मी कान टवकारले. पाच. सात. आठ. अगदी आपले आकडे!

बाजारात माझा एक नियम आहे. परक्या मुलखात आधी आकडे शिकायचे, मग बाकी. विकणारे आपापसांत काय पुटपुटतात ते कळलं की निम्मा सौदा झाला. मी आनंदाने ओरडले, "मुक्ता, हे तर आपले आकडे!"

"आपले नाहीत, आई. त्यांचे."

चित्रा हसली. मुक्ताच्या संगतीने तिला मोडकं मराठी येत होतं. "अम्मा, तुमचे सांगा. मी आमचे सांगते." अर्धा तास आम्ही दोघी एकमेकींना आकडे, मग पाणी, हात, नाक, मीठ म्हणून दाखवत होतो. कुठे शब्द जुळायचा, कुठे केसभर हलायचा. मी तिला विचारलं, भाव करता येतो का? ती म्हणाली, "दुकानात मी गप्प असते. पण सगळं ऐकते."

परतताना मुक्ता म्हणाली, "दिवे घ्यायचे तर चित्राच्या दुकानात नको जाऊस. दहा दुकानं आहेत."

मी हो म्हटलं. दुकान कुठलं ते आकडे शिकताना चित्राकडून कळलं होतं, आणि मनात माझं ठरलं होतं. दुकानात आपला माणूस असला की भाव फुटतो, हे मला तीस वर्षं माहीत आहे.

दिव्यांच्या दुकानात

अक्कांना दुभाषी म्हणून घेतलं. मालक पन्नाशीचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, थोडी हिंदी येणारा, बोलायला मऊ. एक म्हातारा विक्रेता आणि निळ्या कोटात चित्रा. केस घट्ट बांधलेले. तिने माझ्या आरपार पाहिलं. ठरल्याप्रमाणेच ती वागली आणि तरी मला थोडं लागलंच. काल हात धरून नाक-कान शिकवत होती ना!

बारा समया काढायला लावल्या. मालकाने किलोला साडेनऊशे सांगितले. मी हसून उठले. तो नऊशेवर आला आणि तिथे रुतला. मी पितळावर बोट वाजवलं, बुडाची जोडणी दाखवली, उत्तरेकडचा माल याहून बरा म्हणाले. काही उपयोग नाही. तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो दाराशी गेला.

चित्राने पुढची समई उचलून काट्यावर ठेवली. ठेवताना वाकली आणि वर न बघता, ओठ हलले न हलले असं म्हणाली, "आठ."

त्यांच्या भाषेत. मला कळलं. मालक आठशेपर्यंत येतो. शेजारी उभ्या विक्रेत्याला ते खोकल्यासारखं वाटलं असेल.

आता मला फक्त गप्प बसायचं होतं. मालक आला की पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग थंडपणे आठशे म्हणायचं. आयुष्यभर मी हेच करत आले. पण तो फोन ठेवून आला आणि विक्रेत्याला तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. दोघं हसले.

"काय म्हणाले?" मी अक्कांना विचारलं.

"राहू द्या, बाई."

"सांगा."

"म्हणतात, वरल्या मुलुखातल्या बाया भाव करावयास येतात, घ्यावयास नाही."

माझं डोकं फिरलं. पोत्यावर बसून भांडी विकायची तेव्हा मोठ्या दुकानदारांचं हेच हसणं मी ऐकलं होतं. मी हिंदीत, त्याला सरळ कळेल असं, दुकानभर ऐकू जाईल असं म्हटलं, "घ्यायलाच आलेय! आणि आठशेला देता तुम्ही, मला माहीत आहे. तुमचीच मुलगी सांगतेय. आमच्या भाषेत सांगितलं तिने मला. आपलीच आहे ती!"

हातातली समई काट्यावर आणि हात समईवर, चित्रा तशीच थांबली.

मालकाचं हसू गेलं. "कुठली भाषा?" त्याने मऊपणे विचारलं.

"मराठी," मी म्हटलं. अजूनही मी जिंकतच होते.

तो अक्कांकडे वळला. कुंभकोणम्‌ची मराठी घरं त्याला ठाऊक होती. "तुमच्यातली आहे का, अम्मा?"

अक्कांना काहीच माहीत नव्हतं. विचारलं त्याचं त्यांनी तमिळमध्ये खरं उत्तर दिलं आणि मलाही सांगितलं. "नोहे. आमची असती तर मी ओळखलें असतें."

मालकाने चित्राला तमिळमध्ये काही विचारलं. उत्तर विक्रेत्याने दिलं, एकाच शब्दात, जवळजवळ स्वतःशी. तो शब्द मी मुक्ताकडून ऐकला होता. कुरुवीक्कारी. मराठीसारखं बोलणारी, पण मराठी घरातली नसलेली, म्हणजे त्या गावात दुसरी कोण असणार!

चित्राने समई आवाज न होता सरळ उभी केली. निळा कोट काढला, घडी घातली, गल्ल्याच्या कडेला ठेवला. आतून डबा आणला आणि पायऱ्या उतरून गेली. जा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. थांब असंही नाही. मी हाक मारणार होते, पण बाहेर नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं. अख्ख्या कुंभकोणम्‌च्या मुक्कामात तो नियम मी तेवढाच एकदा पाळला.

मालकाला प्रकरण मिटवायचं होतं. "आठशे घ्या, अम्मा," तो म्हणाला. "तोला," असं त्याने विक्रेत्याला सांगितलं.

आणि मी त्या भावात बारा समया घेतल्या.

रिकामी चटई

संध्याकाळी खोलीच्या दाराशी एकच चपलांचा जोड होता, पाट्टीचा. ती चटईवर बसून मणी ओवत होती. मुक्ताकडे बातमी माझ्या आधी पोचली होती.

"नेमकं काय बोललीस? शब्द सांग."

मी सांगितले.

"'आपलीच आहे ती' म्हणालीस?"

"हो."

तिने वही बंद करून कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप नव्हतं, तरी तिने कडी दोनदा ओढून पाहिली.

"ओरड माझ्यावर," मी म्हटलं.

"ओरडले तर तुला बरं वाटेल, आई."

घरी अक्का जेवल्या नाहीत. मी समजूत घालायला गेले तर म्हणाल्या, "त्या पोरीस मजपुढें उभें करून विचारलें. मी नोहे म्हटलें. मज काय जात होतें हो म्हणावयास? आमचीच, म्हटलें असतें तर जालें असतें." मग थोड्या वेळाने, "बाई, तुम्ही माझ्या भाषेस हसलांत तें मज लागलें नाही. पण तुम्हांस दुसऱ्याचें बोलणें ऐकतां येत नाही."

मला कुणी असं बोललं तर मी दोन ऐकवते. त्या दिवशी मी अक्कांचं झाकलेलं ताट उचलून आत ठेवलं.

माझा दुसरा सौदा

सकाळी मी एकटीच त्या दुकानात गेले. मोडलेलं जोडायचा मला एकच रस्ता येतो. बसायचं आणि घासाघीस करायची.

मालक वाईट माणूस नव्हता, हे मला लिहायला पाहिजे. तो म्हणाला, "माझं काही नाही. हुशार मुलगी. पण पूजेचा दिवा तिच्या हातून घ्यायला गिऱ्हाईक काय म्हणेल?" मी म्हटलं, दोन वर्षं घेतच होतं की. तो म्हणाला, तेव्हा माहीत नव्हतं. मी तासभर बसले. आधी नाही, मग बघू, मग मागच्या गोदामात समया घासायला, मग त्याच पगारावर. नाहीला मी हो करून आणलं. दुकानातून उतरताना सौदा जमल्यावर अंगात येते ती ऊब आली. आज आठवलं की ती ऊबच मला सगळ्यात जास्त खाते.

मुक्ता मला वागरींच्या वस्तीवर घेऊन गेली, आधी चित्राला विचारून, मग. चित्रा आईच्या घराच्या ओट्यावर बसली होती. गावातली खोली तिने सोडली होती. खोलीतल्या मुली काही बोलल्या नव्हत्या. फक्त चौघींच्या ताटल्या एकावर एक असत, त्या रात्री तिची वेगळी, खिडकीत ठेवलेली होती.

मी ठरलेलं सगळं सांगितलं. मुक्ताने तमिळमध्ये सांगितलं. चित्राने शेवटपर्यंत ऐकलं.

"मागे बसून घासायच्या? गिऱ्हाइकाला दिसायला नको म्हणून?"

"पगार तोच," मी घाईने म्हटलं.

तिने मुक्ताला हाताने थांबवलं. मग त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "अम्मा, तुम्ही माझा भाव करून आलात?"

मुक्ताने मान खाली घातली. मी म्हटलं, "तुझं नुकसान झालं, ते भरून..."

"तो आकडा मी मुक्ताअक्काच्या आईला सांगितला होता," चित्रा म्हणाली. "गिऱ्हाइकाला नाही."

मी मुक्ताला म्हटलं, माझं चुकलं असं सांग तिला. ती म्हणाली, "ते तूच सांग." मी मराठीत सांगितलं, "चुकलं माझं." चित्राला कळलं. तिने मान हलवली, ऐकलं म्हणून. पुढे काही नाही. आपल्याकडे माफी मागितली की समोरचा "जाऊ द्या हो" म्हणतोच, मनातून म्हणो न म्हणो. मी त्या शब्दांची वाट बघत बसून राहिले. मग लक्षात आलं की मी सूट मागत होते. तिने दिली नाही. तिच्या आईने पाणी आणून दिलं, ते मी प्यायले आणि उठले.

निघायच्या दिवशी

गाडी रात्रीची होती. संध्याकाळी मी मुक्ताबरोबर खोलीवर गेले. सहा वाजून गेले. पाट्टी होती. मग एक मुलगा आला, मग दोघी बहिणी, मग आणखी एक. शेवटी चित्रा. ती दारातच थांबली, मला बघून. मुक्ताशी हळू बोलली. मुक्ता माझ्यापाशी आली.

"आई, ती म्हणते, तू आत नको."

मी लगेच उठले. चपला घालताना मुलांच्या बारा जोडांच्या जागी पाच जोड आहेत हे बघायचं नव्हतं तरी दिसलं. मागे दार लागलं. गिरणीच्या अंगणात कुणीतरी पेंढ्या रचत होतं, तिथे जाऊन उभी राहिले. आत ऐकू येईल इतकी जवळ थांबले नाही. आकडे मला आता कळतात, म्हणून.

स्टेशनवर मुक्ता म्हणाली, "मी इतक्यात घरी येणार नाही. सात जणांना परत आणायचंय, एकेकाच्या घरी जाऊन." मी तिला घरी चल म्हणणारच नव्हते. ते तिला सांगावंसं वाटलं, पण त्याचंही श्रेय घेतल्यासारखं झालं असतं.

"मी पुन्हा येऊ?" मी विचारलं.

"चित्राला विचारेन."

महिन्याभराने वाचन झालं. चित्राने वही वाचली, शिक्षकांपुढे, स्वतःचं नाव आणि जात सांगून. तिच्यामागून जे उभे राहतील असं वाटलं होतं त्यांतलं कुणी उभं राहिलं नाही. मुक्ताने हे फोनवर सांगितलं, माझ्यावर काही न टाकता. चित्राला अजून दुसरी नोकरी नाही.

परवा मी धीर करून विचारलं, "माझं विचारलंस का गं तिला?"

"विचारलं."

"मग?"

"म्हणाली, अजून नाही."

"म्हणजे किती..." एवढं माझ्या तोंडातून गेलं आणि मी थांबले.

"काय म्हणालीस, आई?"

"काही नाही," मी म्हटलं. "बरं."